शेवटच्या रांगेतली फरशी

शहनाज मॅडमला नाचता येत नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकतो. नाहीतर कुणाला वाटायचं, मी एखाद्या मोठ्या नर्तकीबद्दल लिहितोय. त्या माझ्या मुलीच्या शाळेत शिवणकाम शिकवायच्या. वय पंचावन्नच्या पुढं, अंगानं भरलेल्या, उजवा गुडघा कामातून गेलेला. जिना चढताना कठड्याला धरून एकेक पायरी चढायच्या आणि दर तीन पायऱ्यांनी थांबून खाली अशा बघायच्या, जणू जिन्यानंच काही आगळीक केली आहे. अशा बाईकडं शाळेनं सातवीच्या गॅदरिंगचा डान्स सोपवला होता. एखाद्या वर्षी नव्हे, पंधरा-सोळा वर्षं.

ह्या बाईंवर माझा राग आहे. की होता? तेच ठरत नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझा धंदा फरशीचा. पुंडलिकनगरात दुकान आहे. पिशोरहून, माझ्या गावाहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या गोडाऊनवर फरश्या उतरवायचो, त्याच्या खुणा अजून बोटांवर आहेत. मला कुणी काही आणून हातात ठेवलं नाही. जे मिळालं ते भांडून मिळालं. त्यामुळं समोरच्यानं ‘नाही’ म्हटलं की मला वाटतं, चला, आता बोलणी सुरू झाली. उभ्या आयुष्यात एकच ‘नाही’ मला हलवता आलं नाही, ते शहनाज मॅडमचं. आणि ते नेमकं कुणाचं होतं हे कळायला मला दोन वर्षं लागली.

माझी मुलगी ऋतुजा सातवीत गेली तेव्हा मॅडमचं नाव आमच्या घरात रोज जेवताना निघायला लागलं. बाकीच्या वर्गांचे डान्स गॅदरिंगच्या पंधरा दिवस आधी बसायचे. मोबाइल स्पीकरला लावायचा, मोबाइलमध्ये बघून तसंच करायचं, झालं. शहनाज मॅडम गणपती उठले की दुसऱ्या दिवशी सुरू करायच्या. आणि पहिले आठ दिवस गाणंच नाही. नाच नाही. नुसतं उभं राहायचं.

“उभं राहायचं म्हणजे?” मी विचारलं.

“आपापल्या फरशीवर,” ऋतुजा म्हणाली.

शाळेचा हॉल वरच्या मजल्यावर. खाली जुनी शहाबादी, दोन बाय दोनची, काळपट, कुठं खरबरीत तर कुठं वापरून गुळगुळीत. मॅडमनी पहिल्या दिवशी प्रत्येक पोराला एक फरशी दिली. ती त्याची. रोज तासाच्या आधी ओल्या फडक्यानं ती पुसायची. त्यावर दुसऱ्यानं पाय ठेवायचा नाही, मॅडमनीसुद्धा नाही. एखाद्याला बोलवायचं झालं तर मॅडम सांध्या-सांध्यावरून, पाऊल तिरपं टाकत जायच्या आणि कडेला उभं राहून विचारायच्या, “येऊ का रे आत?” पोरगं म्हणायचं, या. मग त्या एक पाय आत ठेवायच्या. शाळेतली ती वय झालेली बाई बारा वर्षांच्या पोराला त्याच्या फरशीत यायची परवानगी मागते, हे ऐकून मला हसू आलं होतं. ऋतुजाला आलं नाही. तिनं आईकडून जुन्या टॉवेलचा तुकडा मागून घेतला. रोज शाळेत न्यायची, आणून धुवायची, बाल्कनीत दोरीवर वाळत घालायची.

मॅडमच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात पितळेचं अंगुस्तान असायचं. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटावर चढवतात ती टोपी. शिवणाचा तास असो वा नसो, ते बोटात असायचंच. फक्त डबा खाताना काढून रुमालावर उताणं ठेवायच्या. आठ दिवसांनी त्याच अंगुस्तानानं त्या बाकावर ठेका धरायच्या, टक टक, टक टक, आणि पोरं त्या आवाजावर पाय उचलायला शिकायची. स्पीकर महिनाभरानं यायचा.

“पाय पहिले,” त्या म्हणायच्या. “हात मागून. चेहरा सगळ्यात शेवटी. चेहऱ्याला शिकवायचं नाही, पाय खुश झाले की तो आपसूक येतो.”

चुकलं की थांबायचं नाही. मागं वळून चूक शोधायला जायचं नाही. पुढच्या टकला पाय टाकायचा. “चूक गेली पुढं निघून, तुम्ही कशाला तिला हुडकता?” आणि दुसऱ्याच्या चुकीला जो हसेल, त्यानं तीच चूक तीन वेळा करून दाखवायची. मुद्दाम, तश्शीच. हा नियम सगळ्यांना सारखा. एकदा ओंकार नावाचा उंच पोरगा गिरकी घेताना बदकन बसला. दारात हेडसर उभे होते, त्यांना हसू फुटलं. मॅडमनी बाकावरचं अंगुस्तान थांबवलं.

“सर, या आत. तीनदा.”

“अहो मॅडम, मी आपला सहज...”

“ओंकार पण सहजच पडला, सर.”

हेडसर तीनदा गिरकी घेऊन तीनदा बसले. पहिल्यांदा लाजत, दुसऱ्यांदा टेबलाला धरून. तिसऱ्यांदा त्यांना ते जमलं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. ऋतुजा हे सांगताना ताटावरून उठून उभी राहिली आणि करून दाखवलं. माझी बायको सविता माझ्याकडं बघायला लागली. दहा महिन्यांत ह्या पोरीनं घरात कुणासमोर हात वर करून काही केलं नव्हतं.

त्या दहा महिन्यांचं सांगावं लागेल. सहावीत असताना गॅदरिंगला ऋतुजा पहिल्या रांगेत मधोमध होती. ती जागा मी वर्गशिक्षकांशी बोलून मिळवली होती, कशी ते सोडा. गाणं सुरू झालं आणि माझी पोरगी उभीच राहिली. हात अर्धे वर. बाकीच्या नाचतायत आणि ही मधे खांबासारखी. मी तिसऱ्या खुर्चीवर होतो. मी फक्त एवढंच ओरडलो, “अगं हल ना, ऋतू! हल!” माझा आवाज जरा मोठा आहे, गोडाऊनमध्ये तयार झालेला. लोक हसले. लोक कशालाही हसतात. ती पडदा पडेपर्यंत तशीच उभी होती.

एवढंच झालं होतं. मी विसरूनही गेलो होतो. सातवीत ती पुन्हा नाचायला लागली म्हटल्यावर माझ्या मनात आलं, आता ह्या वर्षी अशी दिसली पाहिजे की मागचं सगळं पुसलं गेलं पाहिजे.

अशातच एका दुपारी शाळेत गेलो. हॉलच्या दारातून बघितलं तर माझी पोरगी शेवटच्या रांगेत. खिडकीपासून तिसरी. पुढं ओंकार आणि त्याच्यासारखी दोन ताडमाड पोरं.

“मॅडम, माझी मुलगी इतक्या मागं का?”

“ऋतुजाचे पप्पा का?” मॅडमनी ठेका चालूच ठेवला. “तिची जागा तिथं हाय, भाऊ.”

“जागा काय कुणाच्या नावावर असते का? पुढं घ्या तिला.”

“नाही.”

“दुसऱ्या रांगेत घ्या.”

“नाही.”

“बरं, कडेला का होईना, पण पुढून दिसली पाहिजे. एवढं तर करताल?”

मॅडम हसल्या. “तुम्ही फरशी विकता म्हणत होती ऋतुजा. मला तर वाटतंय मेथीची जुडी घ्यायला आलात.”

माझं डोकं फिरलं. मी जे बोललो ते सगळं लिहीत नाही. त्यात एक वाक्य होतं की जिला स्वतःला धड जिना चढता येत नाही, तिनं दुसऱ्याच्या लेकरांना नाच शिकवायचा म्हणजे कमाल आहे. हॉलमध्ये पोरांचे पाय चालूच होते. फक्त शेवटच्या रांगेतले दोन पाय थांबले, ते मला दिसले.

“हौ, खरं हाय,” मॅडम म्हणाल्या. “मला नाय येत. पण जरा हळू बोला भाऊ, पोरं मोजतायत.”

समोरचा माणूस चिडला की मला पुढचं सुचतं. ही बाई कबूल करून मोकळी झाली. मी जिना उतरलो आणि गाडीत बसल्यावर आठवलं की ऋतुजाला दातांच्या डॉक्टरकडं न्यायला आलो होतो.

मॅडमचं एक बोलणं त्याच आठवड्यात ऋतुजानं घरी सांगितलं. त्या पोरांना म्हणाल्या होत्या, “स्टेजवर गेल्यावर घाबरायचं काय? लोकं तुमच्याकडं बघतच नाहीत. लोकं आपापल्या लेकराकडं बघतात. तुमच्याकडं बघणारी माणसं दोनच, तुमची मम्मी आणि तुमचे पप्पा.” वर्गातली सगळी पोरं हसली म्हणे. मीही हसलो आणि म्हणालो, “बरोबर बोलल्या की.” ऋतुजा भाकरी मोडत राहिली.

आता माझी बाजू सांगतो. मॅडम ऐकेनात म्हणून मी हेडसरांकडं गेलो. भांडायला गेलो नव्हतो. त्यांच्या केबिनमध्ये चहा घेताना म्हणालो, “सर, तुमच्या हॉलची फरशी बघवत नाही. ठिकठिकाणी चिरल्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्याकडून नवी करून देतो. चार बाय दोनच्या टाइल्स, पांढऱ्याशुभ्र, तोंड दिसेल अशा चकचकीत. मिस्त्री माझे, माल माझा.” हेडसर उठून उभे राहिले. मग मी म्हणालो, “आमच्या ऋतूचं जरा पुढं बघा.” ते म्हणाले, “होऊन जाईल हो, काळजी करू नका.”

यात मी वाईट काय केलं ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. शाळेला फायदा, माझं नाव, पोरीला जागा. तिघांचं भलं. मॅडम सुट्टीत बहिणीकडं गेल्या होत्या, त्यांना कुणी कळवलं नाही. फरशी बदलायला परवानगी शिवणाच्या बाईंची लागते, हे कुणाच्या डोक्यात येणार? आणि जुन्या फरश्या काढताना मी स्वतः उभा होतो. मिस्त्री पहार घालत होता, एकेक शहाबादी उलटी पडत होती. मी तेहतीस वर्षं हे बघत आलोय. उखडलेल्या फरशीला आम्ही मलबा म्हणतो.

सुट्टी संपली. पहिल्या दिवशी ऋतुजा शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि तो टॉवेलचा तुकडा बाहेर काढलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दप्तर उघडून बघितलं तर तो कोरडा, वळकटी करून कोपऱ्यात. बाल्कनीतली दोरी मोकळी.

“ती डान्समधून नाव काढतेय म्हणे,” सविता म्हणाली.

“का? आता तर फरशी नवी केली!”

“म्हणूनच.” सवितानं माझ्याकडं बघितलं. “तिची फरशी तुम्ही उचलून फेकली.”

“अगं, एका फरशीचं काय? तिथं आता...”

“मला नका सांगू. तिला सांगा.”

मी ऋतुजाच्या खोलीत गेलो. ती अभ्यास करत होती. मी म्हणालो, “ऋतू, नवीन हॉल कसा वाटला?” ती म्हणाली, “चांगला आहे, पप्पा.” मला अजिबात न आवडणारा आवाज होता तो. गिऱ्हाईक परत येणार नसतं तेव्हा असं बोलतं.

मग मी जे केलं ते माझ्यासारख्या माणसानं का करावं, मला सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. मलबा कुठं टाकला? म्हणाला, वाळूजकडं एका शेडच्या पायात भर टाकलीय. मी तिथं गेलो. सोबत मिस्त्री. मुरूम, विटांचे तुकडे, आणि त्यात शहाबादीचे काळे तुकडे. ऋतुजानं एकदा वर्णन करून सांगितलं होतं, तिच्या फरशीच्या मधून एक वाकडी चीर आहे, पिशोरच्या जुन्या रस्त्यासारखी. मी चीर शोधायला लागलो. आता तर सगळ्यांनाच चिरा.

“शेठ,” मिस्त्री म्हणाला, “हिच्यापेक्षा चांगली शहाबादी दुकानात पडलीय की. एका फुटक्या फरशीपायी कशाला हाताची सालं काढता?”

“तू गप उकर.”

तास-दीड तासानं एक जवळजवळ अख्खी मिळाली. मधून चीर, एक कोपरा उडालेला. ती दोन्ही हातांनी उचलून गाडीत ठेवली. बऱ्याच वर्षांनी स्वतः फरशी उचलली. पँटला सगळी माती. तसाच शाळेत गेलो, जिना चढलो आणि हॉलच्या दारात उभा राहिलो.

पोरं भिंतीला चिकटून उभी होती. मधे माझी पांढरी फरशी, पाण्यासारखी चकाकत. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये कुणाला उभं राहायला जागा नाही असं वाटत होतं. मॅडम मधोमध स्टुलावर बसल्या होत्या. खाली त्यांचं पालथं प्रतिबिंब दिसत होतं, स्टुलासकट.

मला वाटलं, आता ही बाई मला सोडणार नाही. मी तयारीत होतो. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

“फरशी चांगली हाय, भाऊ,” मॅडम म्हणाल्या. “मेहनतीनं बसवलीय. एक सांधा वर-खाली नाही.”

“ही बघा,” मी हातातली पुढं केली. “ऋतुजाची. शोधून आणली.”

त्यांनी चष्मा लावला, वाकायला जमेना म्हणून मला फरशी स्टुलापर्यंत आणायला लावली. तिच्या काठावरून बोट फिरवलं. मग अंगुस्तानानं हळूच ठोकलं.

“ही तिची नाही.”

“चीर आहे की मधून!”

“चीर तर हाय. पण ह्या कोपऱ्याला शाईचा डाग बघा, जांभळा. ही खिडकीजवळची. ह्या वर्षी सीमाची होती. त्याच्या आधी रेश्माची, ती आता नर्स हाय. तिच्याही आधी एका पोराची, तो एकदम मुका उभा राहायचा, पहिले आठ दिवस रडला...” त्या बोलता बोलता थांबल्या. “जाऊ द्या. लई झाले.”

मी फरशी हातात धरून उभा. तोवर मला वाटत होतं की मी चाळीस पोरांच्या चाळीस फरश्या काढल्या.

मॅडमनी एका मुलीला पाठवून ऋतुजाला वर्गातून बोलावलं. ऋतुजा दारात आली. आधी फरशीकडं बघितलं, मग माझ्या पँटकडं, मग माझ्या हातांकडं.

“ही तुझी का, बेटा?” मॅडमनी विचारलं, त्यांना उत्तर माहीत असताना.

“नाही,” ऋतुजा म्हणाली. आणि माझ्याकडं न बघता, “पप्पा, ती जड आहे. खाली ठेवा ना.”

मी ठेवली. मॅडमनी पोरांना सांगितलं, पुसायची बादली आणा. बूट-मोजे काढा. एकेकानं बादलीत पाय बुडवायचे, झटकायचे आणि हॉलमध्ये आपल्याला जिथं बरं वाटेल तिथं जाऊन उभं राहायचं. “सावकाश, घसरताल. भाऊंची फरशी लई गोरी हाय.” पोरं हसली. एकेक जण ओल्या पायानं, हात पसरून तोल सांभाळत गेला. चकचकीत टाइलवर पाऊल असं उठतं की बोटं मोजून घ्यावीत. थोड्या वेळानं सगळ्या हॉलभर जोड्या-जोड्यांनी पावलं उमटली.

“आता बाजूला व्हा आणि बघा,” मॅडम म्हणाल्या. “एवढीच जागा लागते माणसाला. दोन बाय दोन पण जास्तच होती. मीच उगाच एवढी दिली तुम्हाला.”

पोरं आपापली पावलं बघत राहिली. पंख्याखाली ती हळूहळू वाळत गेली, आधी टाचा, मग बोटं. एक पोरगी ओरडली, “मॅडम, माझी गेली!” मॅडम म्हणाल्या, “गेली कुठं? पाय तर तुझ्याकडंच हायत की.” आणि स्टुलाच्या कडेवर टक टक सुरू झाली.

ऋतुजाची पावलं शेवटच्या रांगेत होती. खिडकीपासून तिसरी. हे मी तेव्हा बघितलं, पण मनात राग एवढा होता की त्याचा अर्थ लावला नाही. मला एवढंच कळलं की एवढा हॉल करून दिला तरी माझी पोरगी मागंच आहे.

गॅदरिंगच्या दिवशी शाळेनं मला बोलावून पहिल्या रांगेत, मधोमध बसवलं. शाल, श्रीफळ, माइकवरून नाव. कधीकाळी फरश्या उतरवणाऱ्या माणसाला हे बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. सविता मागं बायकांत बसली होती. मग सातवीचा डान्स आला. स्टेज उंच, मी अगदी खाली, समोर ओंकार. ओंकार छान नाचला, त्याचा प्रत्येक घामाचा थेंब मी बघितला. त्याच्या पाठीमागं मधूनमधून एक हात वर यायचा. बांगडीवरून ओळखला, हिरवी होती. तो हात वर यायचा, फिरायचा, खाली जायचा. पुढच्या टकला पुन्हा वर. एकदाही अडला नाही. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या, ए ओंकार, बाजूला हो. पण मांडीवर नारळ होता, खांद्यावर शाल होती, आणि का कोण जाणे, आवाज निघाला नाही.

स्टेजच्या कडेला, पडद्याच्या आडोशाला, मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या. अंगुस्तान खुर्चीच्या दांडीवर चालू होतं. त्यांना तिथून सगळं दिसत असणार. सविताही म्हणाली, मागून तिला सगळं स्वच्छ दिसलं, “लई सुंदर नाचली हो, हसत होती.” म्हणजे पाचशे माणसांत माझी मुलगी नाचताना फक्त मला दिसली नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी मॅडमना गाठलं. “एवढं करून तुम्ही तिला मागंच ठेवलं. ठरवूनच केलं ना?”

त्यांनी माझ्या खांद्यावरची शाल बघितली. “माझीच चूक समजा, भाऊ,” म्हणाल्या आणि जिन्याचा कठडा धरला.

ती चूक मी त्यांची समजून दोन वर्षं बाळगली. दुकानात कुणी शाळेचा विषय काढला की मी सांगायचो, एक बाई आहे, एवढी हट्टी बाई नाही पाहिली. मॅडम त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाल्या. निरोपाला मला बोलावणं होतं, मी गेलो नाही.

आता ऋतुजा नववीत आहे. शाळेच्या सगळ्या कार्यक्रमांत नाचते, आताशा मधल्या रांगेत असते. दोन महिन्यांमागं गाडीत सहज बोलता बोलता मी मॅडमचा विषय काढला, त्या रांगेवरून, मला तुझा नुसता हिरव्या बांगडीचा हात दिसला होता म्हणून. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “पप्पा, फरशी मॅडम देत नव्हत्या. आपण निवडायची असायची. पहिल्या दिवशी त्या म्हणायच्या, हॉलभर फिरा आणि जिथं श्वास नीट येतो तिथं थांबा.”

“मग तू...”

“मीच थांबले तिथं.”

“मग मॅडमनी मला सांगायचं ना तसं!”

“मीच सांगितलं होतं त्यांना, पप्पांना सांगू नका म्हणून.” मग म्हणाली, “तुम्ही त्यांना हॉलमध्ये बोलत होता ना त्या दिवशी, तेव्हा मी सांगणार होते. मॅडमनी मानेनंच नाही म्हटलं.”

सिग्नल सुटला तरी उभा होतो, मागून हॉर्न वाजले. त्या बाईनं माझं सगळं ऐकून घेतलं, जिन्याचं, गुडघ्याचं, आणि वर “हौ, खरं हाय” म्हणाली. मी भांडत होतो कुणाशी? राग काढायचा तर आता कुणावर? मॅडमवर काढता येत नाही, पोरीवर काढायचा नाही. मी हिशेबी माणूस आहे, पण हे कुठंच बसत नाही.

मागच्याच महिन्यात मॅडम दुकानात आल्या. भाच्याच्या रिक्षातून. न्हाणीघरात पाय घसरतो म्हणून खरबरीत टाइल हवी होती. मी खुर्ची दिली, चहा मागवला. त्या बसल्या नाहीत. नमुन्याच्या टाइल्स खाली मांडल्या होत्या, त्यांनी चपला काढल्या आणि एकेकीवर उभ्या राहून बघायला लागल्या. पाय थोडा पुढं, थोडा मागं. एकीवर डोळे मिटून बराच वेळ उभ्या राहिल्या. “ही.”

“घेऊन जा मॅडम. माझ्याकडून.”

“नाय. भाव सांगा.”

मी पहिल्या फटक्यात खरा भाव सांगितला. दुकान काढल्यापासून असं केलं नव्हतं. मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. “बस? मी तर घरून भांडायची तयारी करून आले होते.”

“मॅडम,” मी म्हणालो, “ऋतुजानं सांगितलं मला. तुम्ही का नाही सांगितलं तेव्हा?”

त्या चपला घालत होत्या. एका हातानं काउंटर धरलेलं.

“तुमचा आवाज लई मोठा हाय, भाऊ,” म्हणाल्या. “माझ्यावर पडला तर काय, मी म्हातारी. तिचे तर तेव्हा कुठं पाय हलायला लागले होते.” मग चप्पल नीट बसली का बघत म्हणाल्या, “हात बघितला म्हणे तिचा? हिरवी बांगडी?”

“हात बघितला.”

“हात तर मागून येतो,” मॅडम म्हणाल्या. “तो दिसला म्हणजे पाय बरोबर होते.”

भाच्यानं पेटी रिक्षात ठेवली. एक नमुन्याची टाइल मॅडमनी स्वतः मांडीवर घेतली, फुटेल म्हणून. मी बाहेर पायरीवर उभा राहिलो. रिक्षा सुरू झाली, वळायला रस्त्यात जरा थांबली. मॅडमनी मागं बघितलं नाही. मांडीवरच्या टाइलवर त्यांच्या बोटातलं अंगुस्तान वर-खाली होत होतं.

आम्ही धंद्यातली माणसंही टाइल अशीच ठोकून बघतो, कुठं पोकळ नाही ना. त्या तसं बघत होत्या की ठेका धरत होत्या, मला सांगता येणार नाही. रस्त्यावर आवाज एवढा होता की मला फक्त हात दिसला.